मत टाकलाव की, भाऊ!

टेनिस बॉलच्या क्रिकेटला मराठवाड्यात ठरावीक मोसम उरलेला नाही. तूर निघाली की एक चषक, हरभरा निघाला की दुसरा, आणि निवडणूक जवळ आली की एकाच तालुक्यात चार. चषकाचं नाव वाचलं की यंदा इच्छुक कोण ते कळतं. खेळतंय कोण, हे मात्र अंतिम सामन्यापर्यंत कळत नाही.

आतापर्यंत मालिकावीर गुणलेखक काढायचा. धावा मोजा, बळी मोजा, झेल मोजा. कटकटीचं काम, शिवाय गुणलेखकाला बेरीज यावी लागते. आता ‘प्रेक्षकांच्या पसंतीचा मोसमवीर’ आलाय. त्याला बेरीज लागत नाही, लिंक लागते. सकाळी सहाला सुप्रभातच्या गुलाबाखाली ती येऊन पडते आणि सात वाजता फोन वाजतो.

“मत टाकलास का?”

“टाकलाव की, भाऊ.”

“कुणाला?”

“तू म्हणलास त्याला.”

“मी कुणाचं नाव म्हणलो होतो?”

इथं फोन कट होतो. नांदेड असो की लातूर, रेंज जायची वेळ एकच असते.

नामांकनाची पाच नावं बघण्यासारखी असतात. एक सरपंचांचा पुतण्या, एक टी-शर्ट देणाऱ्या प्रायोजकाचा मेहुणा, एक नाराज गटाचा, एक नाराज होऊ शकणाऱ्या गटाचा. पाचवा तो, ज्यानं खरोखर बळी घेतले. त्याच्याकडं बटणांचा फोन आहे. त्याच्या घरची सगळी माणसं मिळून मतं शून्य. पुतण्याला मात्र चाकणच्या रात्रपाळीतून, हिंजवडीच्या कँटीनमधून आणि ज्यांनी हे मैदान गूगलच्या नकाशावरही पाहिलेलं नाही अशा सोयऱ्यांकडून धबाधबा मतं पडतात. भावकीत एरवी बांधावरून कोर्टात भांडणारे या एका कामात एकदिलानं अंगठा दाबतात.

लातूरकडं तर तयार मतपेढीच आहे: नीटची पोरं. चार पर्यायांतला एक निवडून गोल काळा करायचा सराव त्यांच्याइतका कुणाला नाही. चुकीच्या मताला इथं उणे गुण नाहीत, हे कळल्यावर ती जरा गोंधळतात, एवढंच.

हे सगळं तालुक्यापुरतं असेल तर ठीक. पण परवा एका उत्साही आयोजकानं नांदेड आणि लातूर मिळून एकच मोसमवीर काढायचा बूट काढला, आणि मला घाम फुटला. २००९ साली मराठवाड्याचं दुसरं विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं तेव्हा लातूर कसं पेटलं होतं, ते आठवा. आयुक्तालयाची फाईल तेव्हापासून चालतेच आहे. २०१७ मध्ये लातूर-मुंबई रेल्वे बिदरपर्यंत नेली तर लातूरकर रुळावर उतरले. एका गाडीवरून जिथं हे होतं, तिथं मोसमवीर नांदेडचा निघाला तर काय होईल? लातूर बंद. लातूरचा निघाला तर नांदेडात सर्वपक्षीय बैठक. शेवटी मुंबईहून तोडगा येणार: सहा महिने चषक नांदेडात, सहा महिने लातुरात, आणि खेळाडूचं मुख्यालय परभणी.

हसू नका, जगातही हेच चालतं. नांदेडात गुरू गोबिंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, त्यामुळं हॉकी कळणारी माणसं तिथं गल्लोगल्ली आहेत. त्यांना विचारा २०२१ चं. टोकियोत सुवर्ण बेल्जियमला, कांस्य आपल्या पुरुषांना, आपल्या मुली चौथ्या. त्यानंतर आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे वार्षिक पुरस्कार निघाले: खेळाडू, गोलरक्षक, उगवता तारा, प्रशिक्षक, पुरुष आणि महिला मिळून आठ. आठही भारतीय संघांकडं! बेल्जियम जाहीरपणे रुसलं. त्या मतदानात संघटनांचा वाटा निम्मा, प्रसारमाध्यमांचा पाव आणि खेळाडू व चाहत्यांचा मिळून पाव. कित्येक देशांच्या संघटनांनी मतच टाकलं नव्हतं, असं नंतर निघालं. म्हणजे बेल्जियमकडं संघ होता, ग्रुप नव्हता. त्याआधी राणी रामपालला ‘वर्ल्ड गेम्स’चा २०१९ चा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं ते थेट लोकांनी, ७,०५,६१० पैकी १,९९,४७७ मतं एकट्या राणीला. राणीच्या खेळाबद्दल वाद घालणाऱ्यानं आधी तिच्यासमोर स्टिक धरून दाखवावी. मला कुतूहल आहे ते त्या दोन लाखांचं: त्यातल्या किती जणांनी पेनल्टी कॉर्नर आयुष्यात पाहिला असेल?

अमेरिकेनं यावर जालीम औषध काढलं होतं. १९५७ साली सिनसिनाटीच्या लोकांनी बेसबॉलच्या तारांकित संघात आठापैकी सात जागांवर आपलेच गडी बसवले. स्थानिक पेपरानं तर मतपत्रिका आधीच भरून छापली होती. तिथल्या आयुक्तांनी – हो, त्यांच्याकडं आयुक्त होते – दोघांना काढून विली मेज आणि हँक ॲरनला घेतलं आणि चाहत्यांचा मताधिकारच काढला. तो परत मिळाला १९७० मध्ये. ऑस्ट्रेलियात लंबगोल मैदानावर लंबगोल चेंडूनं अठरा-अठरा जण जो फुटबॉल खेळतात, त्यातलं ब्राउनलो पदक १९२४ पासून आहे. ते पंच ठरवतात. सामना संपला की तिघांना तीन, दोन, एक मत. आणि मोसमात बंदी आलेला गडी कितीही मतं असली तरी बाद. ही पद्धत इकडं आणायला हरकत नाही. फक्त पंच कुणाचा मामा आहे, ते आधी बघावं लागेल. आणि बंदीचा नियम लावला तर पारितोषिक वितरणाला पाहुणेच उरतील.

कुस्तीत हे थोतांड अजून शिरलेलं नाही. लातूर तर हरिश्चंद्र बिराजदार मामांचा जिल्हा. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, लातूरचा शैलेश शेळके आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघं काका पवारांच्याच तालमीतले. लिंक असती तर लातूरनं रात्र जागून शैलेशला गदा दिली असती आणि नाशिकनं सर्व्हर पाडला असता. मातीनं म्हणा की मॅटनं, निकाल तिथंच लावला. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं शैलेशला खांद्यावर घेतलं. जत्रेतल्या फडात प्रेक्षकालाही मत असतंच की, पण ते खिशातून निघतं. आवडला पैलवान, तर काढा पन्नास रुपये आणि द्या हातात. नाव भोंग्यावरून पुकारलं जातं. पन्नास रुपये घालून कुणी दहा वेळा मत टाकत नाही.

मुखेड तालुक्यातल्या होनवडजच्या भाग्यश्री जाधवनं २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिक उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर तिरंगा धरला. व्हीलचेअरवरून गोळा फेकणारी ही बाई आपल्या मोसमवीराच्या यादीत का नाही, असं मी आयोजकाला विचारलं.

“नाव चांगलं आहे मालक,” तो म्हणाला, “पण त्यांची टीम कोणती?”

मी विषय बदलला. म्हटलं, निदान एक कर. ज्यानं पूर्ण सामना उन्हात बसून पाहिला, त्यालाच मत दे. गेटवर बोटाला शाई लाव.

त्यानं बराच विचार केला.

“मग मतदार तेवढेच उरतात मालक,” तो म्हणाला, “दोन पंच, एक गुणलेखक अन् चहावाला. अन् चहावाल्याचं पोरगं समोरच्या टीममध्ये आहे.”