वर्षाची फी भरलेला माणूस

हा माणूस थेट जिममध्ये येत नाही. आधी खालच्या औषधांच्या दुकानात गोळ्या घेता घेता जिन्याकडे बघून ठेवतो. मग एका संध्याकाळी जिना चढून काचेच्या दारापर्यंत जातो; आतून धाडकन वजन आपटल्याचा आवाज येतो, तसा आल्या पावली खाली उतरतो. पुढच्या खेपेला काउंटरवरच्या मुलीला गाठतो आणि म्हणतो, "भाच्यासाठी चौकशी करायची होती." भाचा बेळगावला असतो. डोंबिवलीतल्या जिमशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी फोर्टात. एवढी वर्षं ज्या शरीराकडे ढुंकून बघितलं नाही, त्याची आठवण कंपनीच्या वार्षिक तपासणीनं करून दिलेली असते. उपाशीपोटी साखर ११६. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस नाही, पण दारात येऊन उभा आहे. बेल वाजवायच्या आत काहीतरी करा." घरी सगळ्यांनी 'चाला की सकाळी' असं सांगून पाहिलं. पण चालणं फुकट असतं, आणि फुकटच्या गोष्टीला हा माणूस शिस्त लावू शकत नाही.

फीचं गणित मात्र तो काउंटरवर उभ्या उभ्या सोडवतो. महिन्याला अठराशे, तीन महिन्यांचे साडेचार हजार, वर्षाचे नऊ हजार सहाशे. म्हणजे वर्षाची एकदम भरली तर बारा हजार वाचले. व्यायामाला हात लावायच्या आधीच बारा हजारांची कमाई! "जीएसटी धरून ना?" एवढं विचारून आणि सोबत एक बॅग फुकट पदरात पाडून तो पैसे भरतो. भाच्याचा विषय दोन्ही बाजूंनी कोणी काढत नाही.

२००६ साली दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या हजेऱ्या तपासून एक निबंध छापला. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारी मंडळी महिन्यातून सरासरी पाच वेळासुद्धा फिरकत नव्हती. एका खेपेला सतरा डॉलरच्या वर पडत होते, आणि शेजारीच दहा खेपांचा पास दहा डॉलर खेपेनं मिळत होता. आपण खूप वेळा जाऊ, या स्वतःवरच्या विश्वासापायी माणसं पैसे घालवत होती. जगभरच्या जिममालकांची चूल या विश्वासावर पेटते, डोंबिवलीतल्याही. जानेवारीत भरलेले शंभर जण मार्चमध्ये खरोखरच आले तर त्यांना उभं करायलासुद्धा जागा पुरायची नाही. आमच्या माणसाच्या बाबतीत मालकाचा हिशेब चुकतो, कारण आमच्या माणसानं स्वतःचा हिशेब आधीच मांडलेला असतो. गेल्या वर्षीच्या डायरीच्या मागच्या पानावर तो रोज लिहितो: एकदा गेलो, खेप ९६०० रुपयांना पडली. दोनदा गेलो, ४८०० ला. तीनदा, ३२००. हा आकडा रिक्षाभाड्याच्या खाली आणेपर्यंत त्याला झोप लागणार नसते.

पण मधे आरसे असतात.

पहिल्या दिवशीचा पोशाख सांगायला हवा. वर सोसायटीच्या गणेशोत्सवाचा टी-शर्ट, पाठीवर ठळक अक्षरांत 'कार्यकर्ता'. खाली ट्रॅक पँट, तिला इस्त्री, इस्त्रीला धार. टी-शर्ट आत खोचलेला. खांद्यावर नॅपकिन, हातात स्टीलची बाटली. खिशात घराच्या किल्ल्या आणि सुटे पैसे, त्यामुळे ट्रेडमिलवर चालायला लागला की वासुदेव आल्याचा भास होतो. ट्रेडमिल त्यानं निवडलेली असते, कारण तिच्यावर काय करायचं हे बघून कळतं. कसं थांबायचं ते कळत नाही. लाल दोरी समोर लोंबत असते, पण ती साखळी ओढण्यातली असावी आणि विनाकारण ओढल्यास दंड होत असावा, अशा समजुतीनं तो तिला हात लावत नाही. विचारावं कोणाला? शेजारच्या मुलाच्या कानात बोंडं, दंडावर वाघ गोंदलेला. शेवटी पंचेचाळीस मिनिटांनी यंत्र आपण होऊन थांबतं. ट्रेनर लांबून अंगठा दाखवतो. त्याला वाटतं, काय स्टॅमिना आहे काकांचा!

तेवढ्या वेळात त्यानं स्वतःला चार बाजूंनी पाहिलेलं असतं. घरी आरसा वॉशबेसिनवर असतो, त्यात गळ्याच्या खालचा भाग येत नाही. इथं पोट एकाच वेळी समोरून, बाजूनं आणि मागच्या आरशातल्या समोरच्या आरशात दिसतं. आणि आपल्याला दिसतंय म्हणजे सगळ्यांना दिसतंय, याबद्दल त्याच्या मनात शंका नसते.

आता त्या पिनेची गोष्ट. जिममधल्या यंत्रांना लोखंडी पाट्यांची चळत असते. पाच, दहा, पंधरा असे आकडे वरून खाली लिहिलेले, आणि हव्या त्या पाटीच्या भोकात पिन खुपसायची. आधीचा पैलवान उठून गेला की पिन साठावर असते. नवख्या माणसाला ती उपसून वर, पार वर, दहावर आणायची असते, आणि हे भर सभेत. आमचा माणूस यंत्रावर बसतो, नॅपकिननं मान पुसतो, बुटाची न सुटलेली नाडी सोडून बांधतो. वाकल्या वाकल्या डावा हात मागं जातो. पिन निघताना 'खट्' होतं, तसा तो खोकतो. मग दहा किलो घेऊन, ओठ घट्ट मिटून, चाळीस उचलल्याचा चेहरा करून बारा वेळा ओढतो. आणि उठण्यापूर्वी, इथं त्याची खरी प्रतिभा दिसते, पिन गुपचूप परत साठावर लावून ठेवतो.

एकदा त्याच्यामागून एक निवृत्त मुख्याध्यापिका येऊन बसल्या. दांडी धरली, ओढली. दांडी जागची हलेना. पुन्हा ओढली. वळून पाटी बघितली आणि शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, केवढं लावता हो तुम्ही!"

जिममध्ये मिळालेली ही त्याची पहिली दाद. त्यानं ती नम्रपणे स्वीकारली.

या माणसाच्या पाठीवर आणखी एक ओझं असतं, ते म्हणजे आजोबा. प्रत्येक मराठी घरात एक आजोबा होऊन गेलेले असतात, जे पहाटे गार पाण्यानं अंघोळ करून बाराशे सूर्यनमस्कार घालत. आकडा दर पिढीला वाढतो. औंधच्या राजेसाहेबांनी, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी, आपल्या संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले होते, हे खरंच आहे. पण आजोबांच्या तोंडून ऐकलं तर महाराजांना ती कल्पना आजोबांनीच दिली. नातवंडांनी नमस्कार रथसप्तमीपुरते ठेवले, तेही कॉलनीच्या कार्यक्रमात, नाश्त्याच्या आधी.

मला विचाराल तर नवख्याची सोय तालमीत जास्त होती. कोल्हापूरकडच्या तालमीत नवं पोर आलं की वस्ताद त्याला आधी हौद्यातली लाल माती खणायला लावत. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती. तासभर ती उकरली की अंगातली रग आणि मनातली लाज दोन्ही एकदमच उतरायची. आरसा नाही, टी-शर्ट नाही, सगळे लंगोटावर. इथं एसीत, गुळगुळीत फरशीवर लाज उतरवायला काही साधनच ठेवलेलं नाही.

ट्रेनर तेवीस वर्षांचा. पहिल्या दिवशी 'सर', दुसऱ्या दिवसापासून 'काका'. "काका, पाठ सरळ. श्वास सोडा. अजून दोन. लास्ट दोन." त्या लास्टनंतर आणखी एक लास्ट असतं, हे काकांना पुढे कळतं. तो डाएटही सांगतो: सकाळी सहा अंडी, फक्त पांढरं. काकांनी घरी हे भीतभीत वाचून दाखवलं. स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अहो, आणि सहा अंड्यांतलं पिवळं कोण खाणार? माझ्या घरात टाकायचं नाही." शिवाय सोमवार, चतुर्थी आणि येऊ घातलेला श्रावण. शेवटी तडजोड मूग-मटकीच्या उसळीवर आणि वाटीभर दह्यावर झाली. ट्रेनरला ती कळवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी काही होत नाही. काका खूश. तिसऱ्या दिवशी शर्टात हात घालताना लक्षात येतं की हात वर जात नाही. भांग पाडण्यासाठी मान खाली आणून कंगव्याखाली धरावी लागते. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर तर पंचाईतच. चढताना एक वेळ ठीक, उतरताना दर पायरीला मांडीतून कळ. लोक मागून "चला काका, चला" करतात, काका कठडा धरून आडवे आडवे उतरतात. ट्रेनर म्हणतो, "लॅक्टिक ॲसिड, काका." ते खोटं. लॅक्टिक ॲसिडचा मामला व्यायामानंतर तासाभरात आटोपतो. हे दुखणं स्नायू ताण सोसत लांबताना त्यांत झालेल्या बारीकसारीक इजेचं, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच भरात येतं. उतरताना मांडीचे स्नायू असेच लांबत राहतात, म्हणून पुलाची शिक्षा. पण लॅक्टिक ॲसिड हा शब्द काकांना आवडला. ऑफिसात त्यांनी तो दिवसभर वापरला.

इथं बहुतेक जण गळतात. सांगायला कारणं चिक्कार असतात: ऑडिट आलंय, गुडघा बोलतोय, लग्नसराई आहे. आमच्या माणसानंही अंथरुणात पडल्या पडल्या विचार केला. आजोबा आठवले, साखर आठवली, आणि त्यापैकी कशानंही तो उठला नाही. मग डायरी आठवली. खेप अजून ३२०० रुपयांवर अडकलेली! तो ताडकन उठला, म्हणजे उठवेल तितका उठला. मनाचं बळ वाढवायचे उपाय पुस्तकांतून पुष्कळ दिलेले असतात. आगाऊ भरलेल्या, परत न मिळणाऱ्या पैशाचा उल्लेख मी त्यांत कुठं वाचला नाही.

आणि मग टी-शर्ट उलटा घातल्याचा दिवस आला. पहाटे अंधारात, दिवा न लावता कपडे केलेले. तासभर व्यायाम झाला, मुख्याध्यापिकाबाईंशी पाणकपातीवर चर्चा झाली, ट्रेनरनं पाठीला हात लावून लास्ट दोन करून घेतले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, ही शिवण बाहेर कशी?" काकांना घाम फुटला. सगळी जिम हसली असणार! दुसऱ्या दिवशी ट्रेनरला आडून आडून विचारलं, "काल माझ्या टी-शर्टात काही... वेगळं?" ट्रेनर विचारात पडला. "काल तुम्ही आला होता का काका?"

कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना लाजिरवाणा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी बघितलं असेल. बघितलं होतं सुमारे पाव लोकांनी. २००० साली हे प्रसिद्ध झालं. त्या खोलीत आरसे नसावेत. आमच्या जिममध्ये पावसुद्धा निघाले नसते, कारण इथं येणारा प्रत्येक जण ज्याला बघायला येतो, तो आरशात समोरच उभा असतो. वाघवाला मुलगा दर सेटनंतर दंड वळवून वाघाची तब्येत बघतो. त्याला काकांच्या पोटाकडे बघायला वेळ कुठला? हे कळल्यावर काकांना हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण अपमानच जास्त वाटला. इतके दिवस पोट आत ओढून चाललो, ते कोणासाठी?

फेब्रुवारीच्या सुमारास ट्रेनरनं टूम काढली: वरच्या दांडीला लटकायचं, कोण जास्त वेळ टिकतं बघू. फुगलेल्या छात्यांची पोरं चाळिसाव्या, पन्नासाव्या सेकंदाला टपाटप गळाली. पोरांनी गंमत म्हणून काकांना पुढे केलं. काकांनी चष्मा काढून मुख्याध्यापिकाबाईंकडे दिला, दांडी धरली आणि लटकले. एक मिनिट झालं. दीड झालं. काका शांत. चेहऱ्यावर कोपर गेलं, दिवा आलं, अशी उदास सवयीची कळा. दोन मिनिटं होत आली तेव्हा ट्रेनरच ओरडला, "काका, ग्रिप! कुठं केली?"

"फास्ट लोकलच्या दारात," काका वरूनच म्हणाले. "सत्तावीस वर्षं. आणि एका हातात डबा."

वाघवाल्यानं कानातली बोंडं काढली. "आता वर खेचा काका, एक पुलअप!" काकांना ते काही जमलं नाही, इंचभरही नाही. पण खाली उतरून हात झाडत त्यांनी खुलासा केला, "वर कशाला जायचं? गाडीत आपण आत जातो."

तेव्हापासून पिन ते उघडपणे काढतात. ती आता पंचवीसवर लागते, आणि उठताना पंचवीसवरच राहते. ट्रेडमिलची लाल दोरी इतरांना समजावून सांगतात. पाडव्याच्या मुहूर्तावर आलेल्या एका घाबऱ्या गृहस्थांना त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "तिसऱ्या दिवशी दुखेल. लॅक्टिक ॲसिड. यायचं तरी." आणि हळूच, "वर्षाची भरलीत ना?"

वर्ष संपत आलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं नव्या फीचा विषय काढला. काकांनी उत्तरादाखल एक पाकीट पुढं केलं. आत दोन पानी अर्ज. प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: बंद दिवसांची मुदतवाढ मिळणेबाबत. होळी एक दिवस, विसर्जन दोन दिवस, एसी दुरुस्ती तीन दिवस, पाणी नसल्याचे दोन, शिवाय मालकाच्या मुलीचं लग्न एक, असे एकूण नऊ दिवस, सोबत डायरीच्या पानाची छायाप्रत. व्यवस्थापकांनी पाच दिवस मान्य केले. उरलेल्या चारांचा पाठपुरावा चालू आहे. रोज सकाळी सहाला, वॉर्म-अपच्या आधी, काका काउंटरवर उभे असतात.