बेअर ऑल्सो रॅन

सूरजागडच्या डोंगरातून बाहेर पडणाऱ्या एकाही वस्तूची आजवर कुणी तोंडी परीक्षा घेतलेली नाही. लोहखनिज ट्रकमध्ये बसतं आणि कोनसरीच्या कारखान्याकडे चालू लागतं. 2025 पासून तर हेडरीहून त्याच्यासाठी पाइपलाइनही आहे, म्हणजे आता ड्रायव्हरशीसुद्धा बोलायला नको. तेंदूपत्ता पोत्यात शिरतो नि मुकाट्याने बिडी होतो. 2023 मध्ये आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा सागवान अयोध्येच्या राममंदिराला गेला, पण त्याला कुणी म्हणालं नाही की बाबा रे, आधी दोन मिनिटं स्वतःविषयी बोल. इथला पोरगा बाहेर निघाला की मात्र परीक्षा. तीही इंग्रजीत, आणि फी भरून.

मी एटापल्लीत राहतो. पेशाने इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे हे संकट संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसतं. 2025 मध्ये गोंडवाना विद्यापीठ, खाणवाली लॉईड्स मेटल्स आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं कर्टिन विद्यापीठ यांचा करार झाला, तेव्हापासून पर्थ हे नाव आमच्या चहाटपरीवर नागपूरच्या बरोबरीने घेतलं जातं. कर्टिनची खाणकामाची शाळा 1902 सालची आहे. आमच्या पोरांना लोखंडाचा डोंगर जन्मापासून पाठ, त्यांना खाणकाम शिकायला तिकडे जावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. नवल दुसरंच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपला देश आणि ऑस्ट्रेलिया एकाच भूखंडात होते, आणि भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या भूखंडाला नाव दिलं ते आमच्या गोंडवनाचं. म्हणजे साधारण 13 कोटी वर्षं आधी निघाला असता तर पोरगा पायी पोचला असता. वाटण्या झाल्या, मध्ये समुद्र आला, आणि आता भाऊबंदांकडे जायला आयईएलटीएस नावाच्या इंग्रजी परीक्षेचा बँड लागतो.

या परीक्षेचा बोलण्याचा भाग 11 ते 14 मिनिटांचा. आधी घर, गाव, छंद. मग हातात एक कार्ड. त्यावरच्या विषयाचा एक मिनिट विचार करायचा नि दोन मिनिटांपर्यंत बोलत सुटायचं. शेवटी त्याच विषयावर सखोल चर्चा. वरून बँड, जास्तीत जास्त नऊ. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार असं सगळं मोजतात. बोललेलं खरं आहे का, हे मात्र मोजत नाहीत. आणि नेमकं तिथेच माझा विद्यार्थी अडतो.

विद्यार्थी सूरजागडच्या बाजूचा, माडिया घरातला. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तेव्हा पुस्तकी इंग्रजीशी त्याची ओळख जुनी. बारावीला वीस गुणांची तोंडी परीक्षाही त्याने दिली होती. पण त्या परीक्षेत पोरगं खोलीत आलं नि ‘मे आय कम इन’ म्हणालं की मास्तराचं काळीज विरघळतं. परक्या माणसापुढे सलग दोन मिनिटं, तेही विनाकारण बोलायचं, हे त्याच्या बापजाद्यांत कुणी केलेलं नाही.

“तू पाहिलेल्या एखाद्या म्युझियमविषयी सांग,” मी इंग्रजीत म्हणालो.

“नाई पायलं, सर.”

“नसेल पाहिलं. पण पाहिलं म्हणायचं.”

“खोटं बोलाचं?”

“खोटं नाही रे. सराव.”

तो गप्प. मी विषय बदलला. सुट्टीच्या दिवशी बागेत जायला आवडतं का? त्याने मान वळवून चहूकडच्या जंगलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “बागेत कायले जाऊ जी?” सार्वजनिक वाहतूक किती वेळा वापरतोस, या प्रश्नाला त्याने एसटीचं सबंध धोरण तीन शब्दांत सांगितलं : “व्हेन इट कम्स.” उत्तर बिनचूक होतं. मात्र ते दोन सेकंदांत संपलं, आणि परीक्षेला बिनचूकपणाहून लांबी प्यारी.

मग आम्ही यूट्यूबला शरण गेलो. तिथे एक गोरा गृहस्थ शिकवतो की उत्तर सुचेना तर ‘दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन’ म्हणून वेळ काढावा. ही विद्या आपल्याकडे फक्त आमदारांना येते असा माझा समज होता. पोराने ती एका रात्रीत आत्मसात केली. दुसऱ्या दिवशी मी नाव विचारलं, तर म्हणाला, दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन. बाकी व्हिडिओ पाहायचा राहिला, कारण टॉवर गेला. आमच्याकडे टॉवरसुद्धा ‘व्हेन इट कम्स’.

असं आठवडाभर चाललं. शेवटी मी वैतागून विचारलं, कधी घाबरला होतास का? आणि कुणी बांध फोडावा तसा पोरगा सुरू झाला. उन्हाळ्याची पहाट, मोहफुलं वेचायला आईबरोबर गेलेला, झाडाखाली आधीच कुणीतरी बसलेलं. “आय थॉट अंकल. नो अंकल. बेअर. बेअर ऑल्सो ईटिंग मोहा. ही सी मी. आय सी ही. आय रॅन. बेअर ऑल्सो रॅन.”

“तुझ्या मागे?”

“नो सर. डिफरंट डायरेक्शन.”

घड्याळात साडेतीन मिनिटं झाली होती. व्याकरणाच्या हाडांचा चुरा झाला होता, पण आईची टोपली, अस्वलाचा वास, पळताना सुटलेली चप्पल, सगळं मला दिसलं. जन्मभर शुद्ध इंग्रजी शिकवून मी कुणाला एक मांजरसुद्धा दाखवू शकलेलो नाही.

बरं, हा पोरगा मुका आहे म्हणावं तर बाजाराच्या दिवशी त्याच्याबरोबर फिरून पाहा. आईशी माडिया, माझ्याशी मराठी, ट्रकवाल्याशी हिंदी, सिरोंचाकडच्या व्यापाऱ्याशी तेलुगू आणि मुलचेऱ्याकडून आलेल्या बंगाली मासळीवाल्याशी मोडकं पण भाव पाडण्यापुरतं बंगाली. यातल्या एकाही भाषेचं त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. माझं तर म्हणणं आहे की परीक्षकांनाच एकदा इथे आणावं. हातात कार्ड द्यावं : ‘चार भाषांत घासाघीस करून अर्धा किलो मासळी आणा. विचार करायला एक मिनिट.’ मीही त्या परीक्षेला बसणार नाही. माझा बँड बायकोला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात शेवटपर्यंत बसली नाही. परीक्षक विचारणार, आपण सांगणार, उलट विचारायचं नाही. “असा कसा माणूस, सर? आमच्यात मानूस भेटला का आधी गाव इचारतेत. त्यानं आपलं, आपून त्याचं.” मी म्हटलं, ती माणसाची भेट नाही, परीक्षा आहे. त्याने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

परीक्षा नागपूरला झाली. परतल्यावर पोरगा थेट ओसरीवर आला. कार्डावर काय होतं, मी अधीरतेने विचारलं.

“कोन्या तरी रंजक घटनेबद्दल सांगा.”

“मग?”

“अस्वल सांगितलं.”

“शाब्बास! नीट ऐकलं ना त्यांनी?”

“हो जी. मॅडमनं मोहा म्हंजे का ते इचारलं. मी फूल सांगितलं, झाड सांगितलं, दारूबी सांगितली. मॅडम हासल्या. मंग मले बरं वाटलं, तं मीनं इचारलं, मॅडम, विच इज युवर व्हिलेज?”

माझ्या पोटात गोळा आला. “काय म्हणाल्या?”

“दॅट इज द एंड ऑफ द स्पीकिंग टेस्ट.”