तीन तारखांचा किल्ला

सीताबर्डीचा किल्ला न पाहिलेला नागपूरकर शोधायला फार लांब जावं लागत नाही. मनीषनगरातली कुठलीही अपार्टमेंट घ्या, लिफ्ट भरेल एवढी माणसं एका मजल्यावर निघतील. त्यांचा तरी काय दोष? किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी त्याचं दार वर्षातून तीनदाच उघडतं: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. नेमक्या त्याच दिवशी सकाळी झेंडावंदन, दुपारी जेवण आणि संध्याकाळपर्यंत झोप असा नागपूरकराचा भरगच्च कार्यक्रम असतो.

मनीषनगरातल्या एका मामांचंही असंच चाललं होतं. मग पुण्याच्या भाचीचा फोन आला. ती आयटीतली. नागपूर तिने कधी पाहिलं नव्हतं आणि आता पाहायचं तर रीतसर पाहायचं, म्हणून तिने एक्सेलची शीट केली होती. उभ्या रकान्यात ठिकाणं, आडव्यात वार आणि वेळा, आणि बंद दिवसांना लाल रंग. किल्ल्याच्या ओळीत तीन चौकोन सोडून सगळं वर्ष लाल दिसलं तेव्हा शीट बिघडली असं तिला वाटलं. तिने मामांना विचारलं.

"बरोबरच आहे ते," मामा म्हणाले. "तीनच दिवस राहते उघडा."

"तुम्ही कधी गेला होतात?"

"जाऊ ना. इथंच तर आहे किल्ला, कुठं पळून चालला?"

तर तीन तारखांतली एक निवडायची होती. २०२५ ची २६ जानेवारी रविवारी आली. रविवारी आलेली सुट्टी ही भाचीच्या मते ऑफिसने केलेली उघड चोरी होती, त्यामुळे ती तारीख पहिल्याच फेरीत बाद झाली. १ मे गुरुवारी. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस सलग मिळत होते. भाची खूश झाली, पण इथे मामींनी फोन हातात घेतला. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि मामींच्या सांगण्यात ते काल दुपारचंच वाटत होतं. "ये ना बाप्पा, जरूर ये," त्या म्हणाल्या. "पण मग कुलरसमोरून उठायचं नाही." शिवाय १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, आणि विदर्भवादी मंडळी तो काळा दिवस म्हणून पाळतात. एकीकडे झेंडा, दुसरीकडे काळ्या फिती, हे ऐकून भाचीने शीटमध्ये 'स्थानिक राजकारण' असा नवा रकाना उघडला आणि थोड्या वेळाने तो न भरताच मिटवला. तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. १९५६ पर्यंत राजधानी असलेल्या शहराची ही जुनी कळ एका रकान्यात मावणारी नाही.

राहिला १५ ऑगस्ट. शुक्रवार, आणि त्याला जोडून शनिवार-रविवार. रजा न टाकता तीन दिवस! गाडीचाही योग जुळला. १० ऑगस्टलाच अजनी-पुणे वंदे भारतला हिरवा झेंडा दाखवला होता. ८८१ किलोमीटर, बारा तास, आणि उतरायचं ते थेट अजनीला. मनीषनगरच्या माणसाला अजनीला पाहुणा उतरणं म्हणजे अर्ध्या रिक्षाचे पैसे वाचणं.

पण सुट्टी एक अडचण सोडवते तेव्हा दुसरी सोबत घेऊन येते. भाचीच्या यादीत पहिलं नाव होतं अजब बंगल्याचं. सिव्हिल लाइन्समधलं हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासूनचं, आणि ते सोमवारी आणि सरकारी सुट्टीला बंद असतं. म्हणजे सरकारी सुट्टी ही किल्ल्याची किल्ली आणि अजब बंगल्याचं कुलूप. दोन्ही एकाच दिवशी पाहण्याची नियमाने सोयच नाही. अजब बंगला शनिवारवर गेला. महाराजबागही शनिवारी, कारण तिची सुट्टी सोमवारची. दीक्षाभूमीला वारांची भानगड नव्हती, ती शनिवारी संध्याकाळी.

खाण्याची यादी मात्र एका फोनमध्ये कोसळली. तिच्यात संत्री होती. संत्र्याचा आंबिया बहार बाजारात येतो ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. ऑगस्टमध्ये नागपुरात संत्र्याची बर्फी तेवढी मिळते. यादीत सावजी मटणही होतं. त्यावर मामी नुसत्या "श्रावण" एवढंच म्हणाल्या. भाचीने शुक्रवार टाळून शनिवार सुचवला. मामी पुन्हा "श्रावण" म्हणाल्या. त्यात त्या वर्षी १५ ऑगस्टलाच जन्माष्टमी, म्हणजे घरात उपास. ज्या गावच्या तर्रीची कीर्ती ऐकून पोरगी बारा तास गाडीत बसणार, तिथे तिच्या पानात भगर आणि साबुदाण्याची उसळ पडणार होती.

"त्यापेक्षा आणखी आठ दिवस थांब," मामांनी तोड काढली. २२ ऑगस्टला पोळा, २३ ला तान्हा पोळा आणि मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, सोबत बडगे, आणि 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळ्या. श्रावणही तोवर संपत आलेला. पाहण्यासारखं नागपूर खरं म्हणजे हेच. पण भाचीच्या ऑफिसात मारबतीची सुट्टी मागायची कशी, हे तिला कळेना.

१५ ऑगस्टला सकाळी निघायचं ठरलं होतं नऊला. मामा सोसायटीच्या कमिटीवर, त्यामुळे झेंडावंदन सोडता येईना. त्यानंतर भाषण, भाषणानंतर जिलबी, आणि उपास असलेल्यांनी जिलबी घ्यावी की नाही यावर चर्चा. मामांनी घेतली. निघता निघता साडेदहा.

उज्ज्वलनगर स्टेशनवरून मेट्रो. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण, ही रचना ३.१४ किलोमीटरची, आणि २०२२ मध्ये तिची गिनेसमध्ये नोंद झाली. भाचीने आकडा ऐकला आणि म्हणाली, "म्हणजे पाय!" मामांनी पाय आत घेतले. मग मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर पूर्वी किती वेळ जायचा याची कहाणी सुरू झाली. ती छत्रपती चौक, अजनी, रहाटे कॉलनी, काँग्रेसनगर पार करून सीताबर्डीला थांबली. गाडी थांबली म्हणून थांबली.

किल्ल्यावर रांग होती. पर्यटकांची कमी, नागपूरकरांचीच जास्त. मुलांच्या गालावर तिरंगे, आज्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि मधूनमधून "अरे, तुम्ही पण पहिल्यांदाच?" अशी दिलखुलास ओळख. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला याच टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांशी लढलं. रेसिडेंट होता जेंकिन्स. संख्येने कितीतरी मोठं असूनही भोसल्यांचं सैन्य हरलं आणि नागपूरकरांच्या हातून टेकडी गेली, ती वर्षातल्या तीन तारखांपुरती परत मिळाली आहे. लढाईत पडलेल्या इंग्रजांच्या कबरी आत आहेत. त्यांच्यापाशी उभे राहून मामा बराच वेळ गप्प होते. मामींना काळजी वाटली, पण ते फक्त तिथून खालचं रेल्वे स्टेशन कुठे दिसतं ते शोधत होते.

उतरल्यावर झीरो माइल. वाळूच्या दगडाचा खांब, चार घोडे, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची १९०७ ची खूण. "हा भारताचा मध्य," मामा छातीवर हात ठेवून म्हणाले. भाचीने फोनवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला, लहान केला, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत दोनदा सरकवला आणि मामांच्या चेहऱ्याकडे बघून बंद केला. पाहुणचाराची काही बंधनं पाहुण्यालाही असतात.

शनिवारी अजब बंगला झाला, महाराजबाग धावतपळत झाली. दीक्षाभूमीच्या स्तूपात भाची एवढी रमली की शीटमधली पुढची दोन ठिकाणं तिने स्वतःच लाल केली.

रविवारी अजनीला गाडीची वाट पाहत असताना मामांचा फोन सारखा वाजू लागला. किल्ल्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना भाचीची शीट हवी होती. चौथ्या मजल्यावरचे जोशीकाका वीस वर्षं बर्डीतल्याच एका ऑफिसात होते, त्यांना किल्ल्याचं दार कुठल्या बाजूला आहे ते विचारायचं होतं. सेक्रेटरींनी कॅलेंडर काढलं: पुढची २६ जानेवारी सोमवारी, म्हणजे अजब बंगला दोन्ही कारणांनी बंद. तरी बस करायची का, असा प्रश्न ग्रुपवर पडला.

"बसचं नंतर पाहू," मामांनी टाइप केलं, "आधी नाश्त्याचं ठरवून घ्या. तेव्हा श्रावण नसते."