रांगेतले आप्पा

आप्पांच्या मोबाइलमध्ये ‘कार्यक्रम’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात एकाही कार्यक्रमाचा फोटो नाही, सगळे तिकिटांच्या ऑनलाइन रांगेचे स्क्रीनशॉट. त्यातला सगळ्यांत लाडका २२ सप्टेंबर २०२४ चा, रविवारचा. कोल्डप्लेच्या नवी मुंबईच्या कार्यक्रमाची तिकिटं दुपारी बारा वाजता खुली झाली तेव्हा आप्पांच्या पुढे सात लाखांवर माणसं होती. पितृपक्ष चालू होता आणि नेमकं त्याच दिवशी आप्पांच्या वडिलांचं श्राद्ध. गच्चीवर रेंज चांगली, म्हणून आप्पा मोबाइल घेऊन वर आणि कावळ्याचं पानही वर. कावळ्याचं काम पाच मिनिटांत झालं. आप्पा दिवेलागणीला खाली आले. तोवर १८ आणि १९ जानेवारीची तिकिटं संपली होती, २१ चा तिसरा कार्यक्रम जाहीर होऊन त्याचीही संपली होती. पण नंबर लागलेला असताना उठून जाणं आप्पांच्या स्वभावात नाही.

“मग, गेले होते का आप्पा?” असं कुणी विचारलं की ते स्क्रीनशॉट पुढे करतात.

“रांगेत होतो ना भो!”

हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. तो गात नाही, वाजवत नाही, आंघोळ करताना गुणगुणतसुद्धा नाही. त्याच्याकडे बातमी असते. कोणाची टूर कुठून निघाली, कोणत्या गावाची तारीख वाढली, कोणाचा अल्बम पुढे ढकलला, हे त्याला आधी कळतं आणि मग लगेच आपल्याला कळतं, कारण तो सांगतोच. जळगावच्या मेहरूण तलावाला सकाळी फेरी मारायची तर आप्पांना चुकवायला दोन वाटा आहेत, डावीकडून आणि उजवीकडून. आप्पा दोन्हींकडून येतात.

शिवाय जगातले सगळे गाणारे त्यांच्या भावकीतले. कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन हा नुसता ‘ख्रिस’. ओॲसिस बँडचे नोएल आणि लियाम म्हणजे तर चुलत घरातलेच. “दोघे सख्खे भाऊ. २००९ ला भांडण झालं. सोळा वर्षं एका स्टेजवर नाही. आता ४ जुलैला कार्डिफला एकत्र उभे राहून राह्यले!” आप्पांनी ही बातमी तलावाच्या कट्ट्यावर फोडली तेव्हा कुणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. सोळा वर्षं न बोलणाऱ्या सख्ख्या भावांची आमच्याकडे दर दोन बांधांमागे एक जोडी सापडते. कट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्याने फक्त एवढंच विचारलं, “वाटणी झाली का?”

“टूरच्या पैशाची झाली असेल.”

“मग बोलतील.”

या टूरच्याही रांगेत आप्पा होते. पासपोर्ट काढलेला नाही, विमानात बसलेले नाहीत, कार्डिफ कुठे आहे ते नकाशावर शोधावं लागलं. पण रांगेत होते. त्या तिकिटांचे भाव लोक रांगेत उभे असतानाच वाढले, यावरून विलायतेत केवढा गहजब झाला, ते आप्पांनी रंगवून सांगितलं. सावद्याकडचे एक केळीवाले ऐकत होते. ते म्हणाले, “आमचा भाव गाडी भरेस्तोवर उतरतो. त्याची बातमी येते का कुठे?” त्यावर आप्पांकडे स्क्रीनशॉट नव्हता.

‘समर टूर’ हे आप्पांचं खास पीक. मे उजाडला की ते फुलतात. तिकडे उन्हाळ्यात रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, लोक गवतावर बसून गाणी ऐकतात, हे ते जळगावात पारा ४४ ला टेकलेला असताना, डोक्याला उपरणं गुंडाळून, कूलरच्या दुकानाच्या सावलीत उभे राहून सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाला ऊन लागलंय. घरी न्यावं, कांदा हुंगवावा.

शुक्रवार हा आप्पांचा वार. नवे अल्बम जगभर शुक्रवारी निघतात, ही व्यवस्था २०१५ पासूनची, आणि तेव्हापासून एमआयडीसीतल्या ज्या चटईच्या कारखान्यात आप्पा स्टोअर सांभाळतात, तिथे शुक्रवारी सकाळी रोल मोजण्यात चूक होते. १९ एप्रिल २०२४ चा शुक्रवार तर ऐतिहासिक. टेलर स्विफ्टचा अल्बम आपल्या घड्याळाने साडेनऊला आला. सोळा गाणी. आप्पांनी ती बातमी वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांना पोहोचवून होते न होते तोच साडेअकराला आणखी पंधरा. एकूण एकतीस. आप्पा स्टोअरमधून असे धावत बाहेर आले की सुपरवायझरने आधी आग विझवायचं नळकांडं काढलं.

संध्याकाळी मी विचारलं, “कशी आहेत गाणी?”

“ऐकली नाहीत अजून. पण एकतीस आहेत!”

हसू आलं, पण आप्पांचं तरी काय चुकलं? हल्ली गाण्याआधी गाण्याची बातमी येते, बातमीआधी बातमी येणार असल्याची बातमी येते. पोस्टर, टीझर, टीझरची तारीख. एवढं सगळं पाहून होईपर्यंत माणूस दमतो. गाणं ऐकायला उरतं कोण? आप्पा निदान कबूल तरी करतात.

त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. २४ नोव्हेंबर २०२४ ला कोथरूडला दिलजितचा कार्यक्रम झाला, त्याला पोरगा मित्रांबरोबर गेला. घरी बोलला नाही. आप्पांना कळलं त्याच्या स्टेटसवरून. आठवडाभर घरात शांतता. पोरगा गेला याचा राग नव्हता, त्याला सगळं विनासायास मिळालं याचा होता. “मित्राकडे जास्तीचं होतं म्हणे. रांगेत उभा नाही राह्यला, काही नाही!” आप्पांच्या लेखी ती चोरीच.

२६ जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला. जळगावहून अहमदाबादला रात्रीच्या गाडीने जाता येतं, पण आप्पांनी घरीच बेत केला. भरिताचे दिवस, काकूंनी वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी टाकल्या, आम्हां शेजाऱ्यांना बोलावलं. आम्ही बसलो. आप्पा टीव्हीसमोर उभे. “बसा की.” “स्टँडिंगचं आहे आपलं.” काकूंना सोफा दिला होता, कारण नवी मुंबईत ज्या लाउंजला ३५ हजारांचं तिकीट होतं ते आप्पांच्या मते असंच असणार. काकू लाउंजमध्ये बसून लसूण सोलत होत्या. पोस्टमनपासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं की आप्पा पूर्ण कार्यक्रम उभे होते.

खऱ्या कार्यक्रमाला ते जातात, नाही असं नाही. दर जानेवारीत जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, तिथे मागच्या रांगेत आप्पा ठरलेले. एकदा मध्यंतरात त्यांनी तंबोऱ्यावरच्या मुलीला गाठून विचारलं, “पुढची सेटलिस्ट काय?” ती बिचारी गुरुजींकडे बघायला लागली.

आता जे सांगतो ते आप्पा क्वचितच सांगतात. जळगावात ‘एम. जे.’ म्हटलं की लोकांना मूळजी जेठा कॉलेज आठवतं. आप्पा तिथलेच, शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा दुसरे एम. जे. मुंबईला आले. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडा संकुल, मायकल जॅक्सन. दोन मित्रांसोबत आप्पा रात्रीच्या गाडीने निघाले. तिघांचे खिसे उलटे केले तरी एक तिकीट होत नव्हतं. मग संकुलाच्या भिंतीबाहेर उभे राहिले. आतून गर्दीचा गलका यायचा आणि ड्रमचा ठोका. गाणं कुठलं चाललंय ते ठोक्यावरून ओळखायचं, ओळखलं की तिघांनी मिळून बाहेरच्या बाहेर नाचायचं. सकाळी परत. त्या रात्रीचा काहीही पुरावा आप्पांकडे नाही. तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता? हे ऐकल्यापासून मला त्या स्क्रीनशॉटची चेष्टा पूर्वीसारखी जमत नाही. म्हणजे करतो, पण जमत नाही.

आप्पांना एकाच संगीताचं वावडं होतं, ते म्हणजे दारातल्याचं. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ गल्लीगल्लीत वाजत होतं तेव्हा आप्पा खिडक्या लावून घ्यायचे. ‘हाई झुमकावाली पोर’ यूट्यूबवर कोटींनी पाहिलं गेलं तरी आप्पांनी त्याची बातमी दिली नाही. आपल्याच अहिराणीतलं गाणं महाराष्ट्राला नाचवतं, ही त्यांच्या हिशेबी बातमी नव्हतीच, कारण त्यासाठी रांग लावावी लागत नव्हती.

मग पुतणीचं लग्न निघालं आणि बँड ठरवायचं काम आप्पांवर आलं. मीही बरोबर होतो. बँडवाल्याचं दुकान म्हणजे एक शटर, भिंतीला टांगलेले ढोल, खिळ्यांवर जरीच्या मखमली कोटांची ओळ. मास्तरांनी तारीख बघायला डायरी उघडली. आप्पा वाकून वाचायला लागले. एरंडोल, पारोळा, धरणगाव, अमळनेर, चोपडा, यावल, फैजपूर, रावेर. एकेका दिवशी दोन-दोन गावं. मध्ये एक बऱ्हाणपूर. एक सुरतेचं उधना, तिथे आपली खान्देशी मंडळी भरपूर. आप्पा पान उलटत राहिले.

“मास्तर, ही तर टूर आहे.”

“आम्ही सीझन म्हणतो.”

“तारखा कोण ठरवतं?”

“दाते पंचांग.”

मग मास्तर बोलते झाले. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला तो ऐन लगीनसराईत. ‘झिंगाट’ बसवायला वेळ कुठला? गाडीत बसून, मोबाइल कानाला लावून, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना बसवलं. अजूनही तसंच. नवं अहिराणी गाणं आलं की चार दिवसांत वाजलं पाहिजे, नाहीतर हळदीची पोरं नाचत नाहीत, आणि पोरं नाचली नाहीत की पुढची सुपारी नाही. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गाण्याविषयी बातमी सोडून प्रश्न विचारले. कॅसिओवर कोण असतं, गाणारा कुठला, आवाज बसला तर काय करता.

लग्न मेमधलं, वरात दुपारची. ट्रम्पेटवाल्या पोराने पितळेला ओला रुमाल गुंडाळला होता, तो दर दोन गाण्यांनी बाटलीतल्या पाण्याने भिजवायचा. कोटाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले. आप्पा बँडच्या गाडीला चिकटून चालत होते, भोंग्यापासून हातभर. वरण-बट्टीची पंगत बसली तरी हलले नाहीत. दहाची नोट धरून फर्माईश करत राहिले. मास्तरांनी ‘झुमकावाली’ धरलं तेव्हा आप्पा नाचले. वाईट नाचतात. पण या वेळी भिंतीच्या आतल्या बाजूला होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या खर्चाने फ्लेक्स छापला. काळ्या रंगावर सोनेरी अक्षरं: ‘उन्हाळी वर्ल्ड टूर’. खाली सगळ्या गावांची यादी तारखांसकट आणि ज्या तारखा गेलेल्या त्यांवर लाल तिरका शिक्का, ‘सुपारी फुल्ल’. वर्ल्ड टूर कशी, असं मी विचारलं.

“बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, उधना गुजरातेत. तीन राज्यं झाली ना भो!”

मास्तरांनी तो फ्लेक्स शटरवर लावला आहे. लोक थांबून वाचतात, हसतात, आणि काहीजण आत येऊन भाव विचारतात. आता नवं अहिराणी गाणं आलं की आप्पा मास्तरांना फोन करून आधी सांगतात. मास्तर म्हणतात, ते त्यांनी कालच बसवलं.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे कुठल्या मोठ्या कार्यक्रमाचं जास्तीचं तिकीट उरलं तर कृपा करून आप्पांना पाठवू नका, त्यांना ते चोरीचं वाटेल. मात्र घरात यंदा कार्य असेल आणि बँड हवा असेल तर मेहरूणला या, तलावावर कुणालाही आप्पा विचारा. वैशाखाच्या तारखा दिवाळीतच भरायला लागतात, म्हणून इसार लवकर द्या. पोस्टर फुकट आहे.