गुंड्याची गुंडी

"दोन्ही नर द्या," असं मी दुकानदाराला तीनदा बजावलं होतं. त्यानंही पिल्लं उलटीपालटी करून, नाकावर टिचकी मारून, "बिनधास्त न्या साहेब, दोघं भाऊ आहेत," असा निर्वाळा दिला. आपला हिरवा राघू पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा, म्हणून हे ऑस्ट्रेलियातले बजरीगर घेतले. दुकानात त्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात. त्या नावावरूनच मी सावध व्हायला हवं होतं. घरी आल्यावर निळ्याचं नाव बंड्या आणि पिवळ्याचं गुंड्या ठेवलं.

या पक्ष्यांची जात नाकावर लिहिलेली असते, पण ते अक्षर उशिरा उमटतं. लहानपणी चोचीवरची ती मऊ पट्टी सगळ्यांचीच गुलाबीसर. चार महिन्यांनी बंड्याची निळीशार झाली आणि गुंड्याची तपकिरी. गुंड्याची गुंडी झाली! तिकडे बंड्या मान खालीवर हलवत पोटातला दाणा परत वर आणून तिला भरवू लागला. भावाभावांत इतकं प्रेम मी तरी पाहिलेलं नाही.

आमचा ब्लॉक दोन खोल्यांचा. एका वेळी पाच-सहा अंडी, मग त्या पिल्लांची पिल्लं. म्हणजे वर्षभरात आम्हालाच पिंजऱ्यात जावं लागलं असतं. म्हणून दोन पिंजरे केले. दोन दिवस दोघं गजांना चिकटून एकमेकांना हाका मारत राहिले; दाण्यालाही कुणी तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी हिनंच दार उघडलं. "अहो, सासर-माहेर वेगळं ठेवा, पण नवरा-बायको नको."

ठरलं. संसार एकत्र, पाळणा बंद. शेजारच्या काकूंना हे कळलं मात्र! "मुक्या जिवांची पिढी खुंटवता? पाप लागेल!" सकाळी सहापासून कलकलाट करणाऱ्यांना मुकं म्हणायला धाडसच हवं. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांनी काय काय ऐकलं असेल, याची थोडी कल्पना आली.

अभ्यासाला लागलो. चूक आमचीच होती. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळावर पाऊस पडला, गवताला दाणा धरला, की हे पक्षी घरटं शोधू लागतात. आमच्याकडे रोज मोड आलेले मूग, आणि रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. म्हणजे बारमाही सुगी आणि न संपणारा दिवस! त्यात टीव्हीवरच्या मालिकेत दर आठवड्याला कुणाचं तरी लग्न. बिचाऱ्यांनी करावं तरी काय?

मूग कमी करून साध्या राळ्यांवर आणलं. संध्याकाळी सात वाजता पिंजऱ्यावर सोलापुरी चादर, आणि हिची मालिका आतल्या खोलीत. मटकी तर टांगलीच नव्हती. मटकी दिसली की मादीला घर मिळाल्यासारखं वाटतं.

तरी एका सकाळी गुंडीनं दाण्याच्या वाटीतच अंडं घातलं. पांढरं, करवंदाएवढं. दिसलं की उचलून फेकायचं, हा माझा पहिला विचार. तो साफ चुकीचा. अंडं गेलं की ती हिशेब पुरा करायला आणखी घालत राहते, अंगातलं कॅल्शियम संपवते, आणि अंडं अडून जिवावरही बेततं. उपाय असा, की अंडं ताजं असतानाच उकळून, गार करून, परत तिच्याखाली ठेवायचं. मी ते फोडणीच्या कढल्यात उकळायला ठेवलं. ही मागे उभी. "त्यात मला आमटीला फोडणी द्यायचीय!" नवं कढलं आणलं. एक दिवसाआड एक, अशी पाच अंडी उकळली. समुद्रफेनाचा तुकडा गजाला अडकवला. आजीच्या औषधाच्या डब्यातला तो, कॅल्शियमसाठी इथे कामाला आला.

गुंडी मन लावून बसली. बंड्या तिला भरवत होता. मला अपराध्यासारखं वाटायचं. वाटीकडे पाहिलं की नजर चुकवायचो. तीन आठवडे झाले आणि एका रविवारी सकाळी ती उठली, अंग झाडलं, अंड्यांकडे वळूनही न बघता झोक्यावर जाऊन बसली. बंड्या शेजारी सरकला. तिनं मान वाकवली, तो तिच्या मानेवरची पिसं चोचीनं विंचरू लागला. दोघांचे डोळे मिटलेले. काही उणं आहे, असं त्या झोक्यावर तरी दिसत नव्हतं.

ही बराच वेळ पिंजऱ्यासमोर उभी होती. मग नेहमीप्रमाणे लेकीला फोन लावला. लेकीच्या लग्नाला पाच वर्षं झाली, दर रविवारी हिचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, काही विशेष?" आज म्हणाली, "काय गं, जेवायला काय केलंस?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग लेकीचा घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला.

"आई, बाबा बरे आहेत ना?"