जुन्या नवरदेवाची सोयरीक

आजऱ्यात पाऊस एकदा चिकटला की माणूस माळा उपसायला लागतो. गेल्या जुलैत मी वरून आबांचा 2004 सालचा कॉम्प्युटर उतरवला. पेंटियम फोर, 512 एमबी रॅम आणि पोटात काजूचा जुना हिशेब. घरात फायबरचं नेट होतंच. म्हटलं, दोघांचं जुळवून टाकू.

पण याचं लॅन पोर्ट वळवाच्या विजेनं कधीच जळलेलं. दुकानदार म्हणाला, "काका, भंगारात घाला."

"घनसाळ भाताला उतारा कमी येतो म्हणून वाण टाकतो का आपण?"

त्यानं हात जोडले आणि नखाएवढं वायफाय डोंगल माझ्या गळ्यात मारलं.

घरी आलो तर डोंगलला ड्रायव्हर पाहिजे. ड्रायव्हर नेटवर, आणि डोंगल चालल्याशिवाय नेट नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! भाच्यानं मोबाईलवर ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हनं आणला, तर तो निघाला विंडोज 10 चा. आमच्याकडे एक्सपी. शिवाय राउटर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये जांभ्याची दीड हात भिंत. तिच्यातून आमची हाक पलीकडे जात नाही, तिथं वायफाय काय जाणार?

मग भाच्यानं शहाणपणा केला. आधी कव्हर उघडलं. आत पांढरे पीसीआय स्लॉट. "मामा, नव्या दुकानातलं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड यात बसायचं नाही." मोडीत निघालेल्या एका कॉम्प्युटरमधून त्यानं रिअलटेक 8139 चं लॅन कार्ड काढून आणलं. वेग 100 एमबीपीएस. एक्सपीनं बघताक्षणी ओळखलं, जणू बालमित्र. केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आम्हाला पंधरा मीटर पुरली.

नेट आलं, पण एकही साइट उघडेना. कोपऱ्यातली तारीख बघितली : 1 जानेवारी 2002. मदरबोर्डवरचा सेल मेलेला! साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याच्या लेखी अजून जन्मायचीच होती. मनगटी घड्याळाच्या सेलचा थोरला भाऊ शोभेल असा सीआर2032 घातला, तारीख सुधारली. तरी निम्म्या साइट रुसलेल्याच. एक्सपीला 8 एप्रिल 2014 नंतर अपडेट मिळणं थांबलं, जुन्या ब्राउझरला नवं एन्क्रिप्शन कळत नाही. त्या अवस्थेत त्याला नेटवर मोकळा सोडणं म्हणजे दार उघडं टाकून जत्रेला जाणं. शेवटी हिशेब पेनड्राइव्हवर काढला आणि अँटीएक्स हे हलकं 32-बिट लिनक्स घातलं. कार्ड त्यालाही ओळखीचं निघालं.

आता मेल उघडतो, हवामान दिसतं. व्हिडिओचं नाव काढायचं नाही.

तुमच्याकडेही असा एखादा घोडनवरा असेल, तर आधी कव्हर उघडून स्लॉट बघा, सेल बदला, आणि मगच दुकानाची पायरी चढा. आमचं डोंगल अजून टेबलावर पडून आहे. कुणाला हवं असेल तर ड्रायव्हर आपला आपण शोधावा.