मनीप्लांटला सूर्य विकत घेतला, ऐकलंत का?

बी विंगच्या सातव्या मजल्यावरची ती खिडकी रात्री दहापर्यंत जांभळी असते. ठाण्यात, घोडबंदर रोडला, भरल्या सोसायटीत! वॉचमनला वाटलं, वर कुणीतरी बार काढलाय. सेक्रेटरींना त्याहून भलतंच वाटलं. ‘तसल्या’ झाडांना म्हणे असाच दिवा लावतात, आणि अमली पदार्थांचा १९८५चा कायदा त्यांनी लगेच सगळ्यांना ऐकवला. शेवटी कमिटीतले दोघं गळती बघायच्या निमित्ताने वर जाऊन आले. आत काय, तर मनीप्लांट. तोच, जो दुसऱ्याच्या कुंडीतून न विचारता खुडायचा आणि रिकाम्या बाटलीत खोचायचा, तरच जगतो म्हणतात. त्याला आता अडीच हजारांचा सूर्य!

एकाच घरातलं असतं तर आपण तोंड उघडलं नसतं. पण हल्ली ज्याच्या-त्याच्या हॉलमध्ये ग्रो लाइट. ज्या देशात दोन दिवसांत गच्चीवर पापड खडखडीत वाळतात, तिथे लोक एसीसाठी दिवसभर पडदे ओढून बसतात आणि संध्याकाळी रोपांसाठी ऊन प्लगला लावतात. विचारलं तर उत्तर तयार: ‘समोर टॉवर आलाय, बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे, खिडकी उत्तरेला आहे.’ खोटं नाही ते. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारी खोली झाडाला तळघर वाटते. रोप मग उजेडाच्या शोधात लांब लांब पेरं टाकतं, पानं बारीक होतात, आणि घरातले कौतुकाने सांगतात, ‘बघा किती उंच झालं!’

तर या नादाची पहिली पायरी म्हणजे लवचीक मानेचा, चिमट्याचा जांभळा दिवा. जांभळा का, तर पानातलं हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं. मग बाकीचे रंग कशाला फुकट जाळायचे, हा हिशोब. हा हिशोब कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हे. नासाने विस्कॉन्सिन विद्यापीठाला हाताशी धरून एलईडीखाली रोपं वाढवली, १९९५ साली कोलंबिया यानात बटाटेसुद्धा धरले. अंतराळात वीज जपून वापरावी लागते, तिथे ते शोभलं. आमच्याकडे मात्र त्या दिव्याखाली सगळं घर निळंजांभळं, पाहुण्यांचे चेहरे आजारी, आणि पानावर कीड पडली की पिवळेपणा की करपा, काही कळायला मार्ग नाही. हिरवं पान त्या उजेडात काळंच दिसतं.

दुसरी पायरी चढल्या त्या पाचव्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं, ‘जांभळा आता कुणी वापरत नाही, फुल स्पेक्ट्रम घ्या, सगळ्या रंगांचा पांढरा.’ झालं, महिन्याभरात निम्मे जांभळे दिवे माळ्यावर. वहिनींचा तोरा सोडा, मुद्दा बरोबर होता. मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ साली बावीस पिकांवरची मोजमापं छापली, त्यात हिरवा प्रकाशही पानाच्या चांगला कामी येतो असं निघालं. शिवाय पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच एलईडी, वर पिवळ्या चमकद्रव्याचा लेप दिलेला. त्या निळ्याच्या शोधाला २०१४चं नोबेल मिळालं. म्हणजे साधा चांगला पांढरा दिवाही रोपाला चालतो. हे वाक्य मात्र ग्रुपवर कुणी टाकत नाही, कारण मग ‘हॉर्टिकल्चर’ असं छापलेल्या खोक्याचे जादा पैसे कुणी द्यायचे?

खरी भांडणं लागतात ती वॉटवरून. खोक्यावर ठळक ‘१००० वॉट’, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘तुल्य’, आणि प्लगला मीटर लावून बघितलं तर दिवा ओढतोय जेमतेम शंभर. बरं, वॉट खरे असले तरी काय? जावई किती जेवतो यावरून तो किती कमावतो हे कधी कळलंय का? ल्युमेनचीही तीच गत. ते माप माणसाच्या डोळ्याचं, आणि आपला डोळा हिरवट पिवळ्याला भाळणारा. झाडाचं माप म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला त्याच्या उपयोगाचे किती प्रकाशकण पडले. त्याला पीपीएफडी म्हणतात आणि ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २०००च्या आसपास जातो. मनीप्लांटचं १००च्या आत-बाहेर भागतं, तुळस-पुदिना २०० ते ४०० मागतात. फोनवरच्या ॲपने लक्स मोजून, दिवा पांढरा असेल तर साधारण ६५ ते ७०ने भागलं की अंदाज येतो. पण एवढं गणित कोण करतंय! त्यापेक्षा तिसरा दिवा मागवणं सोपं.

आणि मागवलाच की! सी विंगमधल्या एका गृहस्थांनी चिमटेवाला, मग ट्यूब, मग पंख्यासारखा आवाज करणारा पॅनेल आणला. आता एलईडीच्या चिपचे नंबर ते तोंडपाठ म्हणून दाखवतात. अँथुरियम आहे तिथेच आहे, एक पान इकडे नाही की तिकडे नाही. शेवटी त्यांच्या सासूबाईंनी, न विचारता, कुंडीखाली जुन्या दिवाळी अंकांचा फूटभर गठ्ठा सरकवला. कुंडी दोन फुटांवरून एका फुटावर आली. लहान दिव्याचं अंतर निम्मं केलं की पानावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो. तीन आठवड्यांत त्या अँथुरियमने तांबूस, चकचकीत, गुंडाळलेलं पान काढलं. जावईबापू ग्रुपवर लिहितात, ‘नवीन पॅनेलचा रिझल्ट!’ सासूबाई ग्रुपवर नाहीत.

विजेच्या बिलाची बोंब मात्र उगाच आहे. खरोखर तीस वॉट ओढणारा दिवा रोज बारा तास लावला तर महिन्याला अकराएक युनिट होतात. गिझरपुढे ते किस झाड की पत्ती. फक्त थोडे पैसे जादा टाकून टायमर घ्यावा, कारण दिवा चोवीस तास ठेवला म्हणजे रोप दुप्पट वाढेल असं समजणारेही आपल्यात आहेत. रात्र झाडालाही लागते हो.

हा दिवा खऱ्या अर्थाने शोभतो कुठे, तर न्यू जर्सीतल्या मावशींच्या बेसमेंटमध्ये. तिथे डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि भारतातून ताजा कढीपत्ता न्यायला बंदी, कारण त्या पानांवरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड जाऊ शकते. मग कुंडीतलं एकच झाड तळहातावरच्या फोडासारखं जपायचं, थंडी पडली की आत घ्यायचं आणि एप्रिलपर्यंत दिव्याखाली ठेवायचं. शेजारी तुळस, तिचं लग्नही तिथेच, एलईडीच्या साक्षीने. तिथल्या मराठी घरांत फोडणीला पान मागितलं तर चार मोजून देतात म्हणे. त्यांना हसायची आपली प्राज्ञा नाही.

आपल्याकडची गोष्ट निराळी. इथे ज्याला खरंच अंधार आहे त्याने एक पांढरा दिवा, एक टायमर आणि फूटभर अंतर एवढं केलं की विषय संपतो. पण विषय संपवायचाय कुणाला? आता शोकेसमधल्या बाहुल्या, चांदीचे पेले आणि मुलांच्या ट्रॉफ्या खाली उतरल्या आहेत. काचेच्या प्रत्येक फळीला एलईडीची पट्टी आहे, आत छोटे पंखे आहेत, पांढऱ्या-हिरव्या पानांचा मॉन्स्टेरा आहे. त्याच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं, म्हणजे कितीही दिवे पाजळा, तो भाग अन्न बनवणार नाही. किंमत अर्थात त्या पांढऱ्याचीच. आणि त्याच कपाटासाठी पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी काल ह्युमिडिफायर मागवलाय. हवा कोरडी पडते म्हणाल्या. ठाण्यात. जुलैमध्ये.